गंज न चढलेली जागा

कापणी लागली की आमच्या अंगणात सकाळी लोखंडाचा वास सुटतो. धानाचा वास तर साऱ्या गावाला येतो, त्यात नवल नाही. धानाच्या बांधीत कापून पसरलेल्या कडपा दवानं भिजतात आणि ऊन वर आलं की त्यांच्यातून गोडसर वाफ निघते. पण त्याच दवानं भिजलेल्या जुन्या सायकलचा वास निराळा. जिभेच्या टोकाला लागतो तो. चहाचा कप हातात घेऊन मी सायकलजवळ उभी राहते आणि नाक भरून तो वास घेते. पन्नाशी उलटलेली शाळामास्तरीण सकाळी सकाळी सायकल हुंगत उभी असते, हे शेजारच्या काकू रोज पाहतात. एकदा त्यांनी विचारलं होतं, "काय वं मॅडम, सायकलले का झालं?" म्हटलं, काही नाही काकू, चांगली गंजून राहिली. तेव्हापासून त्या काही विचारत नाहीत.

यंदा धान बरं झालं म्हणतात लोक. मला मात्र कापणी म्हटलं की दोन वर्षांमागचीच आठवते. तिच्याआधी पन्नास कापण्या पाहिल्या, नंतर ही दुसरी, पण डोळ्यांपुढे येते ती तीच. त्या हंगामात मी माझ्या बाबांची सायकल रंगवून घेतली. एवढंच केलं. कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणाला शब्दानं दुखवलं नाही. एक जुनी सायकल रंगवली, आणि माझ्या बापानं घराबाहेर पडणं सोडलं.

आम्ही ढिवर. तलावात, नदीत मासे धरणारी माणसं. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं शेत नव्हतं, तरी कापणीचा हंगाम आमचाही असायचा, कारण त्या दिवसांत मासे धानावर जायचे. उजाडता उजाडता बाबा तलावावर जायचे, डोंग्यातून जाळं ओढायचे आणि डबा भरून घेऊन आंधळगावच्या बाजूला बांधीबांधीतून सायकल फिरवायचे. कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून हाक मारायच्या, "ओ मासेवाले भाऊ, इकडं!" बाबा बांधावर सायकल उभी करायचे. मासे द्यायचे, बदल्यात धान घ्यायचे. जाताना सायकलवरून पाणी गळायचं, येताना तिच्यावर पोतं असायचं. महिनाभर घरात माशांचा आणि नव्या धानाचा वास एकमेकांत मिसळून राहायचा. आमच्या घरी तोच सणाचा वास होता.

या कामाला दुकानातली सायकल पुरायची नाही. डबा चढवला की तिचा चिमटा वाकायचा, चिखलात स्टँड रुतायचं. म्हणून आंधळगावच्या गोमा मिस्त्रीनं बाबांची सायकल घडवली. पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी जाड सळया जोडल्या. मागचं कॅरिअर लोखंडी पट्ट्यांनी रुंद केलं, एका अंगाला तराजू अडकवायला आकडा काढला. स्टँडच्या पायांना दोन चपट्या पट्ट्या लावल्या, म्हणजे ओल्या बांधावरसुद्धा सायकल उभी राहावी. आणि घंटी तर भंडाऱ्याहून आली. मायचा पाण्याचा पितळी गुंड फुटला होता, माहेराहून आणलेला. माय तो मोडीत घालू देईना. मग बाबा तो गुंड घेऊन भंडाऱ्याच्या एका भांडी ठोकणाऱ्या कारागिराकडे गेले आणि त्याच्या बुडाची घंटी ठोकून आणली. तिचा आवाज भलताच जाड होता. ती वाजली की अर्ध्या कोसावरच्या मांजरी उठून बसायच्या, असं माय म्हणायची.

आजकाल याला काहीतरी खास नाव आहे. माणसाच्या मापानं, कामाच्या मापानं बनवलेली सायकल. गोमा मिस्त्रीला ते नाव माहीत नव्हतं. तो म्हणायचा, "तुह्या कामाची बनवून देल्ली, आता तुह्या नशिबानं चालव."

रंग तिला होता सुरुवातीला, काळा. मी पाहिलाय. पण माशाच्या पाण्यापुढे कुठला रंग टिकतो? मागचं चाक, मडगार्ड, कॅरिअरच्या पट्ट्या आधी गंजल्या. मग तो गंज पुढे सरकत सरकत हँडलपर्यंत आला. कुठे तांबडा, कुठे तपकिरी, कुठे काळपट जांभळा. मी पुढच्या दांडीवर बसून शाळेत जायचे, आणि उतरले की माझ्या पांढऱ्या ब्लाऊजला बाहीवर तांबडा डाग असायचा. वर्गात एक मुलगी मला म्हणाली होती, "तुले माशाचा वास येते आन् जंगीचा डाग हाय." चाळीस वर्षं झाली. त्या मुलीचं नाव, तिच्या वेण्यांना बांधलेल्या रिबिनीचा रंग, सगळं मला आठवतं. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, पहिली गोष्ट काय केली तर स्कूटी घेतली. लाल. चकचकीत. लग्न केलं नाही. ते का केलं नाही ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मी सांगणार नाही.

माय अकरा वर्षांमागे गेली, तेव्हा बाबांनी धंदा आधीच बंद केला होता. सायकल मात्र राहिली. माझा दादा भंडाऱ्याला नोकरीत, मी आणि बाबा गावात. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हळूहळू त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायला लागलं. काठी त्यांना नको होती. "काठी घेतली का मानूस म्हतारा दिसते," म्हणायचे. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस! ते रोज दुपार कलली की सायकल घेऊन निघायचे. चालवायची नाही, फक्त हाती धरून चालायचं. सायकलचं पुढचं चाक रस्त्याचा खड्डा आधी सांगायचं, बांधाचा चढ आधी सांगायचं, आणि बाबा तिच्यासोबत तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचे. वारा पाण्यावरून आला की किती पाणी उतरलं ते बसल्या जागी सांगायचे. लोक म्हणायचे, म्हातारा सायकलला चारायला नेतो. बाबा हसायचे.

दोन वर्षांमागे, कापणी नुकतीच लागली होती, दादा बाबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी भंडाऱ्याला घेऊन गेला. आठ-दहा दिवस तिकडेच राहणार होते. त्याच आठवड्यात निलेश आला.

निलेश माझाच विद्यार्थी. मोहाडीच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्या, गेट, ट्रॅक्टरचे सुटे भाग हे त्याचं रोजचं काम. पण सध्या तो एक वेगळाच उद्योग करतो. जुन्या सायकली घेतो, कापतो, जोडतो, हव्या त्या आकाराच्या करतो आणि नागपूरच्या हौशी लोकांना विकतो. माझ्या शाळेच्या खिडकीचे गज वाकले होते, त्याचं बोलायला घरी आला आणि अंगणातच थबकला. सायकलभोवती फिरला. उकिडवा बसून मागच्या मडगार्डवर हात फिरवला.

"मॅडम, ही कोनाची हो?"

"बाबांची. का?"

"मले द्या. काय पायजे ते द्या म्हना. अशी जंग बनवता येत नाही, मॅडम. म्या लय कोशिश केली. मीठ लावतो, सिरका मारतो, पन हा रंग नाही येत. याले चाळीस वर्सं लागते."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर एक गंजकी सायकल टांगलेली, तिच्यावर पिवळा दिवा सोडलेला, खाली माणसं कॉफी पीत बसलेली. दुसऱ्या फोटोत दाढीवाला एक तरुण, त्याची सायकल अख्खी तांबडी, आणि तिच्यावर वरून पारदर्शक लॅकर चढवलेलं. "लोकायले जंग पायजे, मॅडम, पन कपड्याले लागाले नको," निलेश म्हणाला आणि हसला.

मला हसू आलं नाही. माझं डोकंच फिरलं. माझ्या बाहीवरचा डाग आठवला. आमच्या घरातलं दारिद्र्य कुणीतरी भिंतीवर टांगणार, त्यावर दिवा सोडणार आणि कपड्याला लागू नये म्हणून वरून काच चढवणार! दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. ज्यांना गंजासोबत राहावं लागलं नाही, त्यांनाच तो सुंदर दिसतो. निलेशला मी चहा दिला, खिडकीचं बोलले आणि वाटेला लावला. आणि दुसऱ्याच दिवशी सायकल टेम्पोत घालून भंडाऱ्याला एका रंगाऱ्याकडे पाठवली. म्हटलं, सगळा गंज खरवडून काढा, लांबी भरा, वर चांगला लाल रंग मारा. स्कूटीसारखा.

सातवीच्या मुलांना मी विज्ञान शिकवते. 'लोखंड गंजू नये म्हणून उपाय लिहा' हा माझ्या आवडीचा प्रश्न. तेल लावणे, रंग देणे, मुलामा देणे. दोन गुण. माझ्या बापाच्या सायकलवर मी ते दोन गुणांचं उत्तर लिहून टाकलं.

सायकल परत आली तेव्हा अंगण उजळलं. खोटं का बोलू, मला आनंद झाला. घंटीसुद्धा पॉलिश करून सोन्यासारखी झाली होती. वाटलं, बाबा आले की थक्क होतील. ज्या माणसाला रंग दिसत नाही त्याला मी रंगाचं आश्चर्य दाखवणार होते! हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मी ती सायकल बाबांसाठी नाही, त्या रिबिनीवाल्या मुलीसाठी रंगवली होती. ही अक्कल नंतर आली. अक्कल नेहमी नंतरच येते.

बाबा एसटीनं आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर येत नाही, उरलेली सांभाळा. दादा त्यांना सोडून उलट्या बसनं गेला. मी बाबांना अंगणात आणलं, त्यांचा हात सायकलवर ठेवला आणि म्हटलं, "पाहा बरं."

बाबांनी हँडलवर हात फिरवला. मग दांडीवर. मग कॅरिअरवर. हात पुढे जाईना, जिथं तिथं अडखळायला लागला.

"कोनाची हाय वं ही?"

"आपलीच, बाबा. रंगवून घेतली."

त्यांनी घंटी वाजवली. तोच जाड आवाज. "घंटी तं आपली हाय," ते म्हणाले. मग त्यांचा हात सीटखाली गेला. सीटला आधार देणारी जी उभी नळी असते, तिच्यावर त्यांचा अंगठा वर-खाली फिरायला लागला. काहीतरी शोधत होता. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी पाहत उभी.

"पोरी, इथली जागा कुठं गेली?"

"कोणती जागा, बाबा?"

"तुह्या मायची."

मला काहीच कळलं नाही. बाबा सायकलजवळ खाली बसले, मातीत, आणि सांगायला लागले. माय कॅरिअरवर बसायची, पाय डाव्या बाजूला सोडून. मोहाडीच्या बाजाराला, माहेरी, दवाखान्याला, सगळीकडे. उजव्या हातानं सीटखालची स्प्रिंग धरायची आणि तिच्या मनगटातलं चांदीचं कडं त्या नळीवर घासायचं. दर खड्ड्याला घासायचं. वीस वर्षं घासलं. तिथला रंग गेला, लोखंड उघडं पडलं आणि घासून घासून गुळगुळीत झालं. सारी सायकल गंजली, पण तिथे गंज चढला नाही. माय गेल्यावर बाबा रोज तलावावर निघण्याआधी तिथे अंगठा फिरवायचे, बोटाला खोबरेल लावून. नऊ वर्षं. घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता. मला ती जागा म्हणजे सायकलला पडलेला एक ओरखडा वाटायचा, वाटायचा म्हणजे काय, मी ती कधी पाहिलीच नव्हती.

"आता तुही माय कुठं धरन?" बाबांनी विचारलं. रागावून नाही. खरंच विचारलं, कारण त्यांच्या लेखी ती रोज मागे बसूनच तलावावर जात होती.

मी घरात गेले आणि रडले. दुसरं काय करणार!

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. बाबा निघाले नाहीत. म्हटलं, थकले असतील. तिसऱ्या दिवशीही नाही. "बाबा, तलावावर नाही का जायचं?" तर म्हणाले, "पाय दुखून राहिले." चौथ्या दिवशी मी त्यांना काठी आणून दिली, त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. ते खाटेवर बसून राहायचे, तोंड भिंतीकडे. बाहेर कापणी जोरात होती. रस्त्यानं धानाचे भारे घेऊन गाड्या जायच्या, बाया बोलत बोलत परत यायच्या, आणि घरात बाबा असे बसलेले. जेवण निम्म्यावर आलं. बोलणं त्याहून कमी. दादाला फोन केला तर तो म्हणाला, सायकलसाठी कुणी असं करतं का, वयाचा परिणाम आहे. मी फोन ठेवून दिला. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लाल सायकल हाती धरून निलेशच्या दुकानापर्यंत चालत गेले. स्कूटी असून चालत गेले. त्यानं सायकल पाहिली आणि तोंडावर हात ठेवला.

"मॅडम! हे काहून केलं हो?"

"अकलेचे दिवे लावले. आता परत गंज चढवून दे."

मायच्या जागेचंही त्याला सांगितलं. त्यानं लाल रंगावर नख ओढून पाहिलं. मग म्हणाला, "तुमीच शिकवलं होतं ना आमाले, मिठाच्या पाण्यानं जंग लौकर चढते म्हनून. चढवतो. पन पयल्यासारखी नाही होनार, हे आधीच सांगतो."

त्यानं रंग काढला. माझ्या मोबाइलात एक जुना फोटो होता, बाबांचा, मागे सायकल. तो फोटो मोठा करून करून त्यानं गंजाची नक्कल केली. कुठे मिठाचं पाणी, कुठे सिरका. मागच्या चाकाकडे जास्त, पुढे कमी, माशाचं पाणी जसं गळायचं तसं. चार दिवसांनी मला बोलावलं. पाहते तर लोखंड तांबडं फुललेलं.

"आता ते जागा सांगा," तो म्हणाला. "तेवढी घासून मोकळी करतो. नळीवर कुठं होती? किती वर?"

मी नळीकडे पाहत राहिले. फोटोत ती बाबांच्या धोतराआड गेली होती. माझ्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षं उभी असलेली सायकल, आणि मला सांगता येईना! बाबांना विचारायची हिंमत नव्हती. निलेश बोट ठेवून विचारत होता, इथं का, थोडं खाली का, आणि मी प्रत्येक वेळी मान हलवत होते.

मग मी घरी आले. मायचं कडं माझ्याकडेच होतं, ट्रंकेत, तिच्या लुगड्याच्या घडीत. मी ते उजव्या हातात घातलं. चपखल बसलं. परत निलेशच्या दुकानात गेले, त्याला सायकल स्टँडवर लावायला सांगितली आणि कॅरिअरवर चढून बसले, पाय डाव्या बाजूला सोडून. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत होते. पाहू देत. मी पदर खोचला, डोळे मिटले आणि उजवा हात पुढे नेऊन सीटखालची स्प्रिंग धरली. कडं नळीवर जाऊन टेकलं.

"इथं," मी म्हटलं.

मला मायचा बांधा मिळाला आहे, लोक नेहमी म्हणायचे. लहानपणी मला ते आवडत नसे. माय ठेंगणी, रुंद हाडाची. त्या दिवशी कॅरिअरवर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं.

निलेशनं तेवढी जागा घासून मोकळी केली. लॅकर मारू का, विचारलं. नको म्हटलं. "मंग रोज दवात ठेवजा," तो म्हणाला, "कापनीच्या दिवसातलं दव जंगीले लय मानवते." पैसे घेतले नाहीत. सायकल विकायची असेल तर, असंही त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही. त्याच्या दुकानात त्या दिवशीही दोन गंजक्या सायकली टांगलेल्या होत्या आणि मला पहिल्यासारखा राग आला नाही. त्या दाढीवाल्या तरुणाला काय हवं असतं, ते मला थोडं कळलं होतं. आपल्या घरात कुणाचा हात लागून झिजलेलं काहीच उरलं नाही, सगळं परवा घेतलेलं, म्हणून तो दुसऱ्याच्या घरची झीज विकत आणतो. आणतो बिचारा. मला तर घरबसल्या मिळाली होती आणि मी ती खरवडून टाकली.

सायकल घरी आणली. ऊन उतरायला लागलं होतं. बाबा खाटेवर. मी त्यांना काही न सांगता अंगणात घंटी वाजवली. पहिल्यांदा ते हलले नाहीत. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा दाराची चौकट धरत बाहेर आले.

हात ठेवला. हँडलवर, दांडीवर, चिमट्याच्या सळयांवर. बोटांना तांबडी भुकटी लागली, ती त्यांनी चोळून पाहिली, नाकाजवळ नेली. मागच्या मडगार्डवर तळहात सपाट ठेवून थांबले. मग अंगठा सीटखाली गेला, नळीवर, आणि त्या जागेवर थांबला.

"जागा बरोबर हाय," बाबा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. पण अंगठा तिथून हलेना. जागेच्या कडेकडेनं फिरला, एकदा, दोनदा.

"पन इथं धार हाय, पोरी. तुह्या मायच्या जागेले धार नोयती. कुठून सुरू होते अन् कुठं सपते, समजतच नोयतं."

मशीननं घासलेलं होतं ना ते. गंज संपतो तिथे नखाला लागेल अशी बारीक कड होती. मी लाख नक्कल करून आणली, आणि नजर गेलेल्या माणसानं ती एका अंगठ्यात ओळखली. मी म्हटलं, "चुकलं माझं, बाबा." पंधरा दिवसांत हे एवढं सरळ मी म्हटलंच नव्हतं. रडले होते, धावपळ केली होती, पण म्हटलं नव्हतं.

बाबांनी माझा हात शोधला. धरला. बोटं वर सरकली आणि कड्याला लागली. मी ते काढायचं विसरले होते.

कितीतरी वेळ ते कड्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मांगं ये."

त्यांनी हँडल धरलं, स्टँड पायानं मागे ढकललं, आणि फाटकाकडे निघाले. मी मागे गेले आणि सीटखालची स्प्रिंग धरली. रस्त्यावर पहिला खड्डा आला आणि कडं नळीवर घासलं. खर्र. मी दचकून हात सैल केला.

"धर," बाबा म्हणाले. "घासू दे."

तेव्हापासून दोन वर्षं झाली. शाळा सुटली की मी घरी येते, कडं चढवते आणि आम्ही निघतो. पुढे बाबा, मध्ये सायकल, मागे मी. वाटेत धानाचे पुंजणे रचणारे लोक हात थांबवून पाहतात. कुणी म्हणतं, आता सायकलला चारायला दोघं जातात. गंज आता निलेशचा राहिला नाही. दवानं, पावसानं, बाबांच्या तळहातानं त्याचा रंग बदलत चाललाय. मागच्या मडगार्डवर काळपट जांभळा दिसायला लागलाय. घंटी पुन्हा काळवंडली. तिला मी चिंच लावत नाही.

परवा निघताना बाबांनी सवयीप्रमाणे नळीवर अंगठा फिरवला. खोबरेल लावलेला. मी विचारलं, "धार गेली का हो थोडी?"

"थोडी गेली."

"सगळी जायला किती दिवस लागतील?"

"तुह्या मायले वीस वर्सं लागले," बाबा म्हणाले.

बाबा आता एकोणऐंशीचे आहेत. ते त्यांनाही माहीत आहे, मलाही. समोरच्या बांधीत बाया कडपा उचलत होत्या, सूर्य तलावाच्या अंगाला कलला होता.

"मग चला ना बाबा लवकर," मी म्हटलं.

"हव," म्हणाले, आणि सायकल त्यांनी नेहमीच्या पायवाटेनं नेली नाही. गाडीच्या चाकोरीनं नेली, जिकडे खड्डे जास्त आहेत.